समुद्राची नोंदवही आणि म्हादईचा हिशेब

मे २०२५ च्या चौथ्या आठवड्यात दक्षिण कोकणच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत शिरले आणि त्याच दिवशी नैऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. २००९ नंतर मान्सून इतक्या लवकर आला नव्हता. दोनच दिवसांनी तो मुंबईत होता, आणि मुंबईच्या उपलब्ध नोंदींत इतक्या लवकर आगमन पूर्वी कधी झालेले नाही. देशाचा एकत्रित विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वाधिक पावसाचा मे महिना ठरला.

अशा मे महिन्याचा अर्थ घाटाखाली एक असतो आणि घाटावर दुसरा. बेळगाव, खानापूर पट्ट्यातला भातशेतकरी रोहिणीच्या सुमारास धूळवाफ पेरणी करतो. त्यासाठी जमीन कोरडी आणि भुसभुशीत लागते. वळिवाच्या एक-दोन सरी त्याला हव्याच असतात, पण त्या पडून गेल्यावर वाफसा यायला चार दिवस उघडीपही हवी असते. सरी थांबल्याच नाहीत तर पेरणीचा मुहूर्त हुकतो, रोप टाकून लावणी करावी लागते, मजुरी वाढते. आंबोलीपासून निपाणीपर्यंत अशा वेळी कारण एकच ऐकू येते : समुद्र तापला आहे.

हे निदान खोटे नाही, पण जितक्या सहजतेने ते उच्चारले जाते तितके सोपेही नाही. एका वर्षी मान्सून लवकर आला हे समुद्राच्या दीर्घकालीन तापमानवाढीचे प्रमाण ठरू शकत नाही. २००९ साली तो २३ मे रोजीच केरळात आला होता आणि पुढे त्याच वर्षी देशात मोठा दुष्काळ पडला. एखाद्या ऋतूचा लहरीपणा आणि शतकभराचा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या कशा करायच्या, समुद्र खरोखर तापला हे कशाच्या आधारे म्हणायचे आणि तो तापल्याचा आपल्या डोंगरातल्या पावसाशी संबंध कितपत जोडता येतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या वर्तुळापुरता उरलेला नाही. गोवा आणि कर्नाटक ज्या पाण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात उभे आहेत, त्या म्हादईचा हिशेब याच प्रश्नावर टेकलेला आहे.

पणजी आणि बेळगाव यांच्यातले सरळ रेषेतले अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. गोव्याच्या बाजारात येणारी भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणात बेळगावकडून चोर्ला आणि अनमोड घाट उतरून येते. बेळगावला पडणारा पाऊस गोव्यावरून घाट चढून जातो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळते. तिथून जवळच, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात म्हादई जन्मते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. राकसकोपचा जलाशय बेळगाव शहराला पाणी देतो, खांडेपार नदीवरची ओपा योजना फोंडा आणि पणजीला. या साऱ्या पाण्याचे माहेर अरबी समुद्र आहे. जिल्ह्याच्या पूर्वेला, अथणी-रायबागच्या बाजूला, हेच ढग रिकामे होऊन पोहोचतात आणि तिथे दुष्काळाची भाषा सुरू होते.

त्या दुष्काळापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल. १८७६-७७ मध्ये मुंबई इलाख्याच्या दख्खन आणि कर्नाटक विभागात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी हे जिल्हे होरपळले. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. त्या खंडात ही आपत्ती सरकारी कोरड्या भाषेत नोंदलेली आहे. त्या काळी पाऊस का पडला नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. आज सांगता येते. १८७७ मध्ये प्रशांत महासागरात अतिशय तीव्र अल निनो होता आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा लक्षणीय तापलेला होता. या दुसऱ्या अवस्थेला पुढे १९९९ साली ‘इंडियन ओशन डायपोल’ हे नाव मिळाले. ती ओळखणाऱ्या चौघा संशोधकांत एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी आणि पी. एन. विनयचंद्रन हे तिघे भारतीय होते.

मग १८७७ च्या समुद्राचे तापमान आज कसे कळले? उत्तर आहे जहाजांच्या नोंदवह्यांत. १८५३ साली ब्रुसेल्सला भरलेल्या परिषदेत सागरी देशांनी जहाजावरून हवामानाच्या नोंदी एकसारख्या पद्धतीने घ्यायचे ठरवले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-एडन हा जलमार्ग गजबजला. या वाटेने जाणाऱ्या आगबोटींवरचे खलाशी ठरल्या वेळी दोर सोडून बादलीभर पाणी वर ओढत, त्यात तापमापक बुडवत आणि आकडा वहीत उतरवत. अशा लाखो नोंदी आज एका आंतरराष्ट्रीय संग्रहात एकत्र केलेल्या आहेत. समुद्रविज्ञानाचा पाया या बादलीवर उभा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण बादली ही फार भोळी साक्षीदार आहे. लाकडी बादलीतले पाणी बराच वेळ आपले तापमान टिकवते. कॅनव्हासची बादली हलकी आणि सोयीची, परंतु ती ओली झाली की माठासारखी वागते. तिच्या अंगावरून पाणी उडून जाते आणि आतले पाणी गार होते. खलाशाने तापमापक बुडवायला तीन मिनिटे लावली की पाच, वारा कोरडा होता की दमट, बादली सावलीत होती की उन्हात, या प्रत्येक गोष्टीने आकडा अंशाच्या काही दशांशांनी हलतो. शतकभरातला एकूण बदलच एखाद्या अंशाच्या आसपास असताना हे दशांश क्षुल्लक राहत नाहीत. पुढे मोठ्या आगबोटींवर यंत्र थंड करण्यासाठी आत घेतल्या जाणाऱ्या समुद्राच्या पाण्याचे तापमान तिथल्या तिथे मोजण्याची पद्धत आली. हे पाणी इंजिनघराच्या उष्णतेने थोडे गरम झालेले असे. म्हणजे एक पद्धत थंडीकडे झुकलेली, दुसरी उष्णतेकडे.

या झुकावाने किती मोठा घोटाळा होऊ शकतो याचे उदाहरण १९४५ चे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समुद्रावरच्या नोंदींत अमेरिकी जहाजांचा वाटा मोठा होता आणि ती जहाजे इंजिनघरात मोजणी करत. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या नोंदी पुन्हा वाढल्या, आणि त्यांच्यावर बादली चाले. परिणाम असा झाला की जगाच्या समुद्राचे सरासरी तापमान १९४५ च्या उत्तरार्धात एकाएकी सुमारे ०.३ अंशाने घसरलेले कागदावर दिसू लागले. ही घसरण खरी मानून तिची कारणे शोधण्यात पुष्कळ शाई खर्च झाली. २००८ मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की समुद्र थंड झालाच नव्हता; मोजणारे हात बदलले होते.

येथे एक आक्षेप हमखास येतो. शास्त्रज्ञ जुन्या आकड्यांत दुरुस्त्या करतात, मग तापमानवाढ ही त्या दुरुस्त्यांचीच करामत कशावरून नसेल? आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. प्रत्यक्ष परिस्थिती उलट आहे. बादलीच्या जुन्या नोंदी खऱ्या तापमानापेक्षा थंड असल्याने त्या दुरुस्त करताना वर उचलाव्या लागतात. भूतकाळ वर उचलला की भूतकाळ ते वर्तमान ही चढण कमी होते. कच्चे आकडे जसेच्या तसे घेतले तर शतकभरातली जागतिक तापमानवाढ आज सांगितली जाते त्याहून अधिक दिसेल. अलीकडच्या काळात जहाजांची जागा तरंगत्या बोयांनी घेतली. बोया जहाजांपेक्षा सरासरी ०.१२ अंशाने थंड मोजतात. त्यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनी केलेल्या दुरुस्तीवरून तिथल्या संसदेत चौकशीपर्यंत गदारोळ झाला. दोन वर्षांनी केवळ बोया, केवळ उपग्रह आणि केवळ आर्गो यंत्रे यांचे आकडे वेगवेगळे तपासले गेले, आणि तिघांनीही दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला.

आर्गो म्हणजे समुद्रात सोडलेली माणसाच्या उंचीची नळकांडी. ती एक हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहाला निरोप देऊन पुन्हा बुडतात. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेने नोव्हेंबर २००७ मध्ये तीन हजार यंत्रांचा टप्पा गाठला. आज ती संख्या चार हजारांच्या घरात आहे. भारताचे आर्गो माहिती केंद्र हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत आहे. या यंत्रांपूर्वी खोल पाण्याची माहिती मुळातच विरळ होती. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने ती पहिल्यांदा पद्धतशीर गोळा केली आणि त्याच मोहिमेच्या पोटी १ जानेवारी १९६६ रोजी दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्याच्या माणसाला ही संस्था मिरामारहून पुढे जाताना डोंगरावर दिसणारी इमारत म्हणून परिचित असते. अरबी समुद्राविषयी जगाला जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग तिथे शोधला गेला, हे गोव्यातही फार थोड्यांना माहीत असते.

मे महिन्यातल्या समुद्राचेच पाहा. मान्सूनच्या आधी लक्षद्वीपच्या आसपास पाण्याचा एक पट्टा जगातल्या सर्वांत उष्ण सागरपृष्ठांपैकी एक होतो. तो तिथेच का तापतो, याचे उत्तर एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये या दोनापावलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दिले. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातले कमी खारट पाणी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येते. हलके असल्याने ते वर पसरते आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखे बसते. झाकणाखालची गारवा वर येत नाही, वरून ऊन लागत राहते, आणि एप्रिल-मेपर्यंत हा पट्टा रसरसतो. म्हणजे पाणी उष्ण असणे हा अरबी समुद्राचा दरवर्षीचा स्वभाव आहे. प्रश्न आहे तो स्वभाव बदलतो आहे का, हा.

नोंदी सांगतात की बदलतो आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढले. याच काळात जगाच्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले होते की १९०१ ते २०१२ दरम्यान उन्हाळी महिन्यांत पश्चिम हिंदी महासागर तब्बल १.२ अंशांनी तापला, तर मुळातच उष्ण असलेला मध्य आणि पूर्वेकडचा भाग ०.७ अंशाने. यात नोंदवहीपलीकडची एक स्वतंत्र साक्षही आहे. पाणी तापले की प्रसरण पावते. दोनापावलचेच ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी मुंबईसह जुन्या बंदरांवरच्या भरतीमापकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे १ ते पावणेदोन मिलिमीटरने चढत असल्याचे दिसले. १९९३ ते २०१७ या काळात हा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर झाला. भरतीमापकाला बादलीची भानगड ठाऊक नसते.

तरीही एवढ्याने काम भागत नाही, आणि इथे या विषयाची खरी अडचण सुरू होते. समुद्र स्वतःहून, कोणी काही न करता, वीस-तीस वर्षे हळूहळू तापू शकतो आणि पुन्हा निवू शकतो. १९७६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी याचे गणित मांडले. वातावरण रोज बदलते. आज वारा, उद्या ढग. या प्रत्येक दिवसाचा सूक्ष्म परिणाम समुद्र आपल्यात साठवत जातो. फासे टाकत जावे आणि पडलेल्या दानांचा चढता-उतरता हिशेब ठेवत जावे, तर प्रत्येक दान निव्वळ योगायोग असूनही हिशेबाची बेरीज कधी कधी दीर्घ काळ एकाच दिशेने सरकत राहते. समुद्राची वाटचाल अशी असते. म्हणून तीस वर्षांचा चढता आलेख समोर ठेवून ‘पाहा, बदल झाला’ असे म्हणणारा माणूस बरोबरही असू शकतो आणि फशी पडलेलाही असू शकतो. वातावरणाची सगळी उष्णता समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यात मावते, हे लक्षात घेतले म्हणजे या साठवणीचा आवाका कळतो.

यातून वाट काढायची रीतही हासेलमान यांनीच १९७९ मध्ये सुचवली, आणि त्यासाठी त्यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल स्यूकुरो मानाबे आणि जॉर्जो परिसी यांच्यासह विभागून मिळाले. संगणकावर पृथ्वीची प्रतिकृती उभी करायची, तिच्यातला कर्बवायू स्थिर ठेवायचा आणि तिला शेकडो वर्षे आपली आपण चालू द्यायची. त्यातून समुद्राचा नैसर्गिक लहरीपणा किती, हे मापात येते. मग दुसऱ्या फेरीत हरितगृह वायू, काजळी आणि धुळीचे कण, ज्वालामुखी, सूर्याच्या तेजातले चढउतार हे घटक एकेक करून आणि एकत्र घालायचे. प्रत्येक कारण समुद्रावर वेगळ्या वळणाचे अक्षर उमटवते. डायपोलमध्ये महासागराची एक बाजू तापते तेव्हा दुसरी निवते. ज्वालामुखीनंतर दोन-तीन वर्षे सगळीकडे थोडी थंडी येते आणि ओसरते. हरितगृह वायूंची उष्णता मात्र सर्व महासागरांत, पृष्ठभागाकडून खोलीकडे, प्रत्येक खोऱ्यात ठरावीक गतीने मुरत जाते. टिम बार्नेट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे वळण तपासले. नैसर्गिक लहरीपणा किंवा सूर्य-ज्वालामुखी यांपैकी कशानेही प्रत्यक्ष नोंदी जुळल्या नाहीत; मानवी कारणे घातल्यावर खोऱ्यागणिक जुळल्या. बदल झाला हे ओळखणे आणि तो कशामुळे झाला हे ठरवणे, या दोन पायऱ्या आहेत. समुद्राच्या बाबतीत विज्ञान दोन्ही पायऱ्या चढून गेले आहे. पृथ्वीने साठवलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे, हा आता वादाचा विषय उरलेला नाही.

वाद सुरू होतो तो समुद्रावरून घाटाकडे वळल्यावर. हवा एका अंशाने तापली तर तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, म्हणून तापलेला समुद्र म्हणजे जास्त पाऊस, असे सरळ गणित मांडले जाते. पण मान्सून जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. समुद्रच जमिनीच्या बरोबरीने तापू लागला तर हा फरक कमी होतो आणि वाऱ्याची ओढ मंदावते. २०२० च्या त्याच आढाव्यात देशाचा मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचे म्हटले आहे, आणि ही घट ठळकपणे दिसलेल्या दोन प्रदेशांपैकी एक गंगेचे मैदान आहे तर दुसरा पश्चिम घाट. त्यामागे समुद्राइतकाच हवेतल्या काजळीचा हात मानला जातो. दुसरीकडे कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर तिप्पट झाल्याचे आढळले; त्यांना लागणारे बाष्प अरबी समुद्राकडून येते. एकूण पाऊस कमी आणि धो धो पाऊस जास्त, असे हे विचित्र चित्र आहे. पुढील काळाबद्दल बहुतेक प्रतिकृती तर मान्सूनचा पाऊस वाढेल असे सांगतात.

चक्रीवादळांबाबत आकडे अधिक बोलके आहेत, म्हणून अधिक जपून वापरायला हवेत. मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली, त्यांचा मुक्काम लांबला. २०१९ मध्ये पाच, २०२० मध्ये रायगडवर ‘निसर्ग’, मे २०२१ मध्ये गोव्याला झोडपून गुजरातेत गेलेले ‘तौक्ते’. पण अरबी समुद्रात वर्षाला मोजकी वादळे होतात. लहान संख्येतली टक्केवारी मोठी दिसते, आणि उपग्रहांपूर्वीची खात्रीची यादी नाही. कल स्पष्ट आहे, त्याची इयत्ता ठरायला वेळ लागेल. निपाणीच्या बाजूला उघड्या शिवारात तंबाखू वाळवणाऱ्या शेतकऱ्याला अर्थात इयत्तेशी कर्तव्य नसते; पिकाच्या दिवसांत समुद्रातले एखादे क्षेत्र अवेळी चार सरी देऊन गेले की पानाचा कस आणि भाव दोन्ही जातात.

प्रतिकृतींची मर्यादाही इथेच नडते. जागतिक प्रतिकृती पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एक तापमान, एक पाऊस, एक उंची देतात. अनेक प्रतिकृतींत चौकोनाची बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे पणजी आणि बेळगाव एकाच चौकोनात पडू शकतात, आणि त्यांच्यामधला सह्याद्री चेपून एक हलकासा उंचवटा होतो. कणकुंबीचा मुसळधार पाऊस आणि हुक्केरीची कोरडी माळरानं यांची सरासरी काढली तर हाती येणारा आकडा दोन्हीपैकी कुठेच पडत नाही. शिवाय अनेक प्रतिकृतींत मान्सूनपूर्व अरबी समुद्र प्रत्यक्षापेक्षा थंड उमटतो आणि त्यामुळे मान्सूनही दुबळा उमटतो. पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली पृथ्वीप्रणाली प्रतिकृती आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात सहभागी झालेली पहिली भारतीय प्रतिकृती आहे, ही मोठी कामगिरी होय. परंतु एका नदीच्या खोऱ्याचे भविष्य सांगण्याचे सामर्थ्य अशा कोणत्याच प्रतिकृतीत अद्याप नाही.

नेमके हेच म्हादईच्या वादात विसरले जाते. १६ नोव्हेंबर २०१० रोजी स्थापन झालेल्या म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला : कर्नाटकला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकच्या वाट्यापैकी ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा मार्गे मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे आहे. तिन्ही राज्ये निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. वादाचा सगळा रोख कोणाला किती यावर असतो. मुळात किती आहे हे कसे ठरले, याकडे फारसे कोणी वळत नाही.

नदीचे वाटपयोग्य पाणी आपल्याकडे ७५ टक्के विश्वासार्हतेने ठरवतात. मागील अनेक वर्षांचा पाऊस आणि प्रवाह मांडायचा आणि शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान जेवढे पाणी मिळेल तो आकडा धरायचा. पद्धत जुनी आणि समजायला सोपी आहे. तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : पुढची वर्षे मागच्यांसारखीच असतील. २००८ मध्ये जलशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘सायन्स’मधल्या बहुचर्चित लेखात हे गृहीत मृत झाल्याचे जाहीर केले होते. म्हादईपुरता त्याचा अर्थ असा. समजा, घाटावरचा सरासरी पाऊस यत्किंचितही बदलला नाही, फक्त वर्षावर्षांतली तफावत वाढली. ओली वर्षे अधिक ओली आणि कोरडी अधिक कोरडी झाली. सरासरी तीच राहील, पण शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत हमखास मिळणारे पाणी घटेल. पूर वाढतील आणि त्याच वेळी हमीचे पाणी कमी होईल. जुलै २०२१ मध्ये म्हादईने सत्तरीत घरे बुडवली, १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणून त्याचा उल्लेख झाला. त्याच दिवसांत वेदगंगेने निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळुरू महामार्ग अडवला. दोनच वर्षांनी ऑगस्ट २०२३ हा देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि कर्नाटकला दुष्काळ जाहीर करावा लागला. ही दोन वर्षे काही सिद्ध करत नाहीत. पण लवादाच्या पद्धतीला भेडसावणारी शक्यता कोणत्या रूपात समोर येईल, हे त्यांच्यावरून कळते.

वार्षिक टीएमसीत आणखी एक गोष्ट हरवते. दहा दिवसांत पडलेला पाऊस आणि तेवढाच एका दिवसात कोसळलेला पाऊस वहीत सारखाच दिसतो. पहिला जांभ्यात मुरतो, झऱ्यांतून झिरपत मार्च-एप्रिलपर्यंत नदीला पुरतो. दुसरा गढूळ लोंढा होऊन दोन दिवसांत मांडवीच्या मुखाशी जातो. गोव्याची तहान उन्हाळ्यातली आहे; बेळगाव, हुबळी आणि धारवाडचीही. भांडण वर्षाच्या आकड्यावर आणि टंचाई एप्रिलची, अशी ही विसंगती आहे.

या परिस्थितीत दोन्ही बाजूंचे पुढारी हवामानबदल आपापल्या सोयीने हाताळतात. गोव्याच्या व्यासपीठावरून म्हादई आटणार असल्याचे निर्वाळे दिले जातात, जणू काही ते कुठल्याशा प्रतिकृतीतून निघाले आहेत. कर्नाटकच्या बाजूने समुद्रात वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला जातो, जणू खाडीतल्या गोड्या पाण्यावर जगणारे मासे आणि खाजन शेती अस्तित्वातच नाहीत. समुद्र तापल्याचे विज्ञान पक्के आहे म्हणून म्हादई आटल्याचेही पक्के, ही उडी विज्ञानाने मारलेली नाही. आणि म्हादईचे भविष्य अनिश्चित आहे म्हणून जुनाच आकडा धरून धरणे बांधावीत, हीही नाही. अनिश्चितता वाढते तेव्हा हाताशी असलेले पाणी वाटताना अधिक सावधगिरी लागते, कमी नव्हे. या एका मुद्द्यावर गोव्याची बाजू सबळ आहे. मात्र ती मांडायला घोषणांपेक्षा खोऱ्यातली मोजणी हवी, आणि मोजणीच्या बाबतीत गोव्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही.

पुढचे आकडे अधिक कठोर आहेत. हिंदी महासागराविषयीच्या २०२४ च्या अभ्यासात कोल आणि सहकाऱ्यांनी २०२० ते २१०० दरम्यान शतकाला १.७ ते ३.८ अंश या वेगाने वाढ होण्याचा अंदाज दिला आहे. समुद्री उष्णतेच्या लाटांचे दिवस वर्षाला सुमारे २० वरून २२० ते २५० पर्यंत जातील, म्हणजे लाट हाच नियम होईल. लवादाच्या निवाड्याचा फेरविचार करण्याची मुभा ३१ ऑगस्ट २०४८ नंतर आहे. तोवर वाटप जुन्या नोंदींवर चालेल आणि पाऊस नव्या समुद्रावर.

निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘प्रवाह’ या प्राधिकरणाला मंजुरी दिली. त्याचे मुख्यालय पणजीला आहे आणि त्याच्या पथकाने जुलै २०२४ मध्ये गोवा आणि कणकुंबीच्या बाजूची पाहणी केली. पाहणीत बांधकामे तपासली जातात, ते आवश्यकच आहे. पण कणकुंबी, जांबोटी, देगाव आणि सत्तरीच्या डोंगरांत तासागणिक पाऊस नोंदवणारी यंत्रे, उपनद्यांवर बारमाही प्रवाहमापन, आणि ते आकडे तिन्ही राज्यांना व संशोधकांना विनाविलंब खुले, ही मागणी गोवा सरकार प्राधिकरणापुढे कोणत्याही न्यायालयीन निकालाची वाट न पाहता ठेवू शकते. समुद्राचे मोजमाप करणारी संस्था दोनापावलला आहे, मान्सूनची प्रतिकृती पुण्यात आहे. मधल्या ऐंशी किलोमीटरच्या डोंगरातली वही मात्र अजून विरळ आहे. २०२५ नंतर २०४८ पर्यंत तेवीस पावसाळे येतील, आणि प्रत्येक न मोजलेला पावसाळा त्या वहीतले एक कोरे पान असेल.